शेवंतीचं लोंबकळणं

माझी बायको शेवंती रोज सकाळी साडेसहाला ठाकुर्लीच्या बागेत लहान मुलांच्या आडव्या लोखंडी शिडीला लोंबकळते. वय वर्षं एकोणपन्नास. अंगात सलवार-कुर्ता, केसांना क्लिप, डोळे घट्ट मिटलेले. मी समोरच्या बाकावर बसून मोबाइलवर सेकंद मोजतो. हे आता मी एवढ्या सरळपणे लिहितोय खरा, पण माझ्या डोक्यात ते सरळ बसायला सात महिने लागले, आणि अजूनही सगळं नीट बसलंय असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मी उत्तम. ठाण्याला एका लिफ्टच्या कंपनीत सर्व्हिसच्या तक्रारी बघतो. आमची बिल्डिंग तीन मजल्यांची, आम्ही तिसऱ्यावर, आणि लिफ्ट नाही. हे ऐकून सगळे हसतात, तर तुम्हीही हसून घ्या. शेवंती घरी ब्लाउज शिवते. ठाकुर्लीपासून डोंबिवली पूर्वेपर्यंतच्या कितीतरी बायकांची मापं तिच्या वहीत आहेत. आणि त्या बायकांना तिचं माप तोंडपाठ आहे, हे मला फार उशिरा कळलं.

तिसरं माणूस माझी थोरली बहीण सुमतीताई. ती डोंबिवलीत राहते, वय चौपन्न. शेवंती तिला वन्सं म्हणते. आमच्या लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात या दोघींनी फुगडी घातली आणि तेव्हापासून आमच्या सगळ्या गोतावळ्यात यांच्या फुगडीचं नाव झालं. तिढा घालून हात धरायचे, पाय जवळ घ्यायचे, अंग मागे टाकून द्यायचं आणि गरगर फिरायचं. समोरची धरून ठेवणार याची खात्री असल्याशिवाय मागे रेलता येत नाही, आणि रेलल्याशिवाय फुगडी फिरत नाही. या दोघी बिनधास्त रेलायच्या. मी लहान पोरासारखा तोंड उघडं टाकून बघत बसायचो.

तीन वर्षांपूर्वी चुलतभावाच्या सुनेच्या मंगळागौरीत ऐन वेगात हात सुटले. शेवंती बायकांच्या घोळक्यात जाऊन पडली, तिला खरचटलंही नाही. ताई मात्र मागच्या मागे फेकली गेली आणि बसली ती थेट माकडहाडावर. हाड मोडलं. सहा महिने तिला मधे भोक असलेली उशी घेऊन हिंडावं लागलं. लग्नाला उशी, बारशाला उशी, रिक्षात उशी. हात कोणाचे सुटले, असं कोणी विचारायच्या आधीच शेवंती रडत रडत म्हणाली होती, "माझेच सुटले. माझ्या बोटांत जोरच राहिला नाही." ताई काहीच बोलली नाही. एवढं दुखत असताना कोण बोलेल, असं आम्हाला वाटलं.

त्यानंतर ताईने फुगडी सोडली. येणं-जाणं, बोलणं-चालणं सगळं पूर्वीसारखं होतं, पण हाड बरं होऊनही श्रावणात खेळ सुरू झाले की बाई उशी घेऊन कोपऱ्यात. शेवंतीला ते फार लागायचं. मग गेल्या डिसेंबरात ताईच्या रसिकाचं लग्न झालं. म्हणजे येत्या श्रावणात तिची पहिली मंगळागौर, आणि ती माहेरी, ताईकडेच. त्या दिवशी वन्संनी आपल्याबरोबर पुन्हा फुगडी घालावी आणि या वेळी आपले हात सुटू नयेत, एवढ्या एका गोष्टीसाठी शेवंती लोंबकळायला लागली.

लोंबकळण्यामागचं हे कारण मला तेव्हा माहीत नव्हतं. तुम्हाला मी आधीच सांगून टाकतोय, कारण गोंधळायला मी एकटा पुरेसा आहे.

सुरुवात कॅलेंडरवरून झाली. आमच्याकडे दूध आलं नाही की त्या तारखेवर फुली मारतात. जानेवारीत एकदा बघतो तर तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक आकडे: दोन, दोन, तीन, दोन, पाच. मला वाटलं, दुधाच्या पिशव्या. पण आमचा आर्यन नोकरीला पुण्यात, घरात माणसं दोन, मग पाच पिशव्या दूध पितं कोण? शेवंतीला विचारलं तर म्हणाली, "हुकांचे आहेत." पाच हुकांचा ब्लाउज ठीक आहे, दोन हुकांचा कोण घालतं, हा प्रश्न मी दोन दिवस मनातच ठेवला.

मग एका सकाळी लवकर जाग आली. बाहेर येऊन बघतो तर शेवंती शिलाई मशीनपाशी उठाबशा काढतेय. मागे मशीनचं स्टूल ठेवलेलं, त्याला टेकल्यासारखं करायचं आणि उठायचं. नंतर भिंतीला हात लावून भिंत ढकलत बसली. भिंत काही हलली नाही. मी म्हटलं, "अगं, काय चाललंय?" ती म्हणाली, "अकरा," आणि परत उठाबशांना लागली.

तेवढ्यात समोरच्या बिल्डिंगमधले सुधीरराव दात घासता घासता गॅलरीत आले. बायको उठाबशा काढतेय आणि नवरा कमरेवर हात ठेवून उभा, हे त्यांनी बघितलं आणि ब्रश तोंडातच ठेवून आत गेले. त्यानंतर महिनाभर त्यांची बायको माझ्याशी बोलली नाही.

शेवंती मला बागेत घेऊन गेली ती त्याच दिवशी. शिडीला दोन्ही हातांनी धरलं, पाय उचलले, आणि मी "चार" म्हणायच्या आत खाली.

"सहा सेकंद झाले ना?" तिने विचारलं.

"तीन."

"तुमचं घड्याळ मागे आहे," ती म्हणाली. कॅलेंडरवरचे आकडे कसले, ते मला आत्ता कळलं. मग तिने मला शपथ घातली. "कोणाला सांगायचं नाही. वन्संना तर नाहीच नाही."

"का?"

"हसतील. पन्नाशीला आलेली बाई शिडीला लोंबकळते म्हणून."

"मग कशाला लोंबकळतेस?"

"तुम्ही सेकंद मोजा."

मी मोजायला लागलो. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणूस काही प्रश्न दुसऱ्यांदा विचारत नाही. फेब्रुवारीत सात सेकंद झाले. एप्रिलमध्ये वीस. स्टूल गेलं आणि ती नुसत्या हवेत उठाबशा काढायला लागली. भिंत सोडून स्वयंपाकघराच्या ओट्यावर हात टेकून जोर मारायला लागली. गंमत म्हणजे वजनाचा काटा दोन महिने होता तिथेच होता, आणि ब्लाउज मात्र कमरेत ढगळ आणि दंडात घट्ट. तिने स्वतःचे सगळे ब्लाउज कमरेत दाबले आणि दंडात उसवले. मला याचा काही ताळमेळच लागेना. बाई बारीक होतेय की जाड? जेवायला बसली तर पूर्वी दोन भाकऱ्या खायची ती तीन खायला लागली. मेमध्ये काटाही हलला आणि पाच किलो गेले. गिरणीतून दहा किलो पीठ घेऊन ती तीन मजले न थांबता चढायची, आणि मागून नुसती कोथिंबिरीची जुडी घेऊन येणारा मी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकायचो. मला तिचा अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. दोन्ही एकाच पायरीवर.

आता बायकांचं ऐका. आमच्याकडे पंचविशीतली मुलगी बारीक झाली की विचारतात, डाएट कोणतं? पन्नाशीतली झाली की विचारतात, रिपोर्ट काय आला? ब्लाउज टाकायला येणारी प्रत्येक बाई शेवंतीचं मनगट धरून बघायला लागली. "गळ्याची हाडं दिसतायत गं." "शुगर केलीस का चेक?" "थायरॉइड असेल, माझ्या जावेचं असंच सुरू झालेलं." शेवंती म्हणायची, मला काही झालेलं नाही. आणि आजारी माणूस हेच म्हणतो, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

त्यात मी भर घातली. जूनमध्ये ताईचा ऑफिसात फोन आला.

"उत्तम, खरं सांग. शेवंतीला काय झालंय?"

मी शपथेत अडकलेला. म्हटलं, "काही नाही ताई. चाललंय तिचं."

"काय चाललंय?"

"आता ते तिचं तिलाच माहीत," मी म्हणालो आणि एक मोठा सुस्कारा सोडला. तो सुस्कारा कळव्याच्या एका सोसायटीतल्या लिफ्टसाठी होता. चौथा आणि पाचवा मजला यांच्या मधे एक काका अडकले होते आणि दुसऱ्या फोनवर मला शिव्या घालत होते. पण ताईपर्यंत फक्त सुस्कारा पोचला. रात्रीपर्यंत तो चिपळूणपर्यंत पोचला असावा, कारण दुसऱ्या दिवशी गावाहून काकूंचा फोन आला की ग्रामदेवतेला नवस बोललेय.

मग बिटाचा रस सुरू झाला. ताई एक दिवसाआड डब्यातून काही ना काही पाठवायची. खजुराच्या वड्या, नाचणीचं सत्त्व, कुठल्या तरी मठातला अंगारा. शेवटी ताईच तिला ओढून घेऊन गेली आणि रक्ताच्या सगळ्या तपासण्या केल्या. सगळं नॉर्मल. शेवंतीने रिपोर्ट ताईच्या हातात दिला, तर ताई डोळे पुसत म्हणाली, "नॉर्मल आलं म्हणजे त्यांना सापडलेलं नाही गं."

खरं सांगतो, मीही घाबरलो. एवढ्या माणसांनी एकच गोष्ट सांगितली की डोळ्यांसमोर आहे तेसुद्धा खोटं वाटायला लागतं. शेवंती शिडीला लोंबकळत असताना तिच्या हातांवरच्या शिरा फुगायच्या, चेहरा काळवंडायचा, आणि मी अडतीस-एकोणचाळीस मोजता मोजता मनात म्हणायचो, ही माझ्यापासून काहीतरी लपवतेय. एका दुपारी ती बाहेर गेलेली असताना मी कपाटातून रिपोर्टची फाइल काढली आणि दोनदा वाचली. काही कळलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा वाचली. ती आली तेव्हा मी फाइल मांडीवर घेऊनच बसलेलो.

"तू खरंच बरी आहेस ना?" माझा आवाज मलाच कसातरी वाटला.

शेवंती माझ्या शेजारी बसली. मग तिने सगळं सांगितलं. फुगडी, उशी, रसिकाची मंगळागौर. "वन्सं माझ्यामुळे पडल्या. मला एकदा त्यांना धरून दाखवायचंय."

"मग सांग ना ताईला तसं! बिचारी नवस करतेय."

"सांगितलं तर आधीच नाही म्हणतील. जमू दे आधी." आणि दोन्ही पंजे माझ्यासमोर धरले. प्रत्येक बोटाच्या मुळाशी एक घट्टा, पिवळा, कडक. आठ घट्टे. मी ते हळूच दाबून बघितले. त्या रात्री एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

ऑगस्टमधल्या मंगळवारी मी रजा टाकली. डोंबिवलीत ताईच्या घराजवळचा हॉल, तोही चार वाजेपर्यंतच. सकाळी पूजा झाली, जेवणं झाली. खेळांसाठी ताईने ठाण्याहून मंगळागौरीचा ग्रुप ठरवला होता. एकसारख्या नऊवारी, माइक, ढोलकी, सगळं तयार. दोन वाजता त्यांचा फोन आला, शीळफाट्याला अडकलोय, गाडी जागची हलत नाहीये. अडीच वाजता तोच फोन परत आला.

शेवंती मोरपंखी नऊवारीत होती. ती आत आली तशी ताईने तिचा हात धरून पहिल्या रांगेतल्या खुर्चीपाशी नेलं. खुर्चीवर ती उशी ठेवलेली होती. तीच, मधे भोक असलेली. "बस गं इथे आरामात. उभी राहू नकोस. नुसत्या टाळ्या वाजव," ताई म्हणाली. शेवंतीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. ती बसली.

तीन वाजत आले तशी रसिका वैतागली. "आई, ग्रुप येईपर्यंत हॉल सोडायची वेळ होईल. आपणच सुरू करूया ना. तू आणि मामी फुगडी घाला. मी लहान असताना कसल्या घालायचात!"

कोणीतरी रसिकाला कोपराने ढोसलं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने शेवंतीचं मनगट पकडलं आणि तिला ओढत मागच्या खोलीत आणलं, जिथे मी पाण्याचे जार उतरवत होतो. मी तिथे आहे हे तिला दिसलंच नाही, किंवा दिसूनही चाललं.

"शेवंती, तुझी ही अवस्था. उद्याचं कोणी बघितलंय? मला हे मनात ठेवून जगता नाही यायचं," ताई म्हणाली आणि रडायलाच लागली. "त्या दिवशी तुझे हात सुटले नव्हते. मी सोडले."

जार माझ्या हातात तसाच राहिला.

"मला गरगरायला लागलं. एकदम भीती वाटली आणि मी बोटं उघडली. तू म्हणालीस, माझेच सुटले, आणि मला बरं वाटलं गं. सगळे माझं करत होते, मी बिचारी झालेले. मग सांगायचं म्हटलं तरी तोंडच उघडेना."

शेवंती स्वतःच्या पंजांकडे बघत होती. मग म्हणाली, "वन्सं, मला काहीही झालेलं नाही."

"नको लपवूस. मला उत्तमकडून कळलंय सगळं."

"ह्यांना काय कळतंय! मी व्यायाम करते. सात महिने झाले. उठाबशा काढते, बागेत शिडीला लोंबकळते."

"लोंबकळतेस? कशाला?"

"तुमचे हात सुटू नयेत म्हणून."

ताईने पदराने नाक पुसलं. शेवंतीला वरपासून खालपर्यंत बघितलं, दंड दाबून बघितला. "म्हणजे तू आजारी नाहीस?"

"नाही."

"म्हणजे मी उगाच सांगितलं!"

मला हसू आलं. दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की मी जार खाली ठेवला.

"तीन वर्षं, वन्सं," शेवंती म्हणाली. "तीन वर्षं ती उशी दिसली की मी मान खाली घालत होते." मला वाटलं, संपलं. आता ही चपला घालणार आणि आम्ही घरी जाणार. आणि गेली असती तर मी तिच्या बाजूने उभा राहिलो असतो, बहीण असली म्हणून काय झालं. एकीकडे असंही वाटत होतं की ताईला जवळ घ्यावं. दोन्ही कसं करायचं ते कळेना, म्हणून मी काहीच केलं नाही.

शेवंतीने पदर कमरेला खोचला. "चला."

"कुठे?"

"बाहेर. फुगडी घालायला."

"नको गं. मला अजून भीती वाटते. मी परत सोडीन."

"सोडा," शेवंती म्हणाली.

बाहेर बायकांनी गोल केला. कोणी म्हणत होतं, अगं तिला बरं नाहीये, हळू. दोघींनी तिढा घातला. या वेळी शेवंतीने ताईची बोटं धरली नाहीत, पुढे सरकून दोन्ही मनगटं धरली. पाय जुळवले आणि निघाल्या. पहिले दोन-तीन फेरे भाजीची जड पिशवी दोघींनी मिळून न्यावी तसे. ताई रेलतच नव्हती, ताठ उभी होती, नजर जमिनीवर.

"वन्सं, मागे टाका अंग."

"पडेन गं."

"टाका!"

ताईने डोळे मिटले आणि अंग मागे टाकलं. फुगडी एकदम सुटली. मोरपंखी आणि जांभळी साडी एकमेकींत मिसळायला लागली, बांगड्या वाजायला लागल्या, रसिका ओरडायला लागली. आणि मी मोजतोय, हे माझ्या लक्षातही आलं नाही. सवयीने तोंडातून निघत होतं. बारा, तेरा, चौदा. सोळाव्याला मला ताईचे हात दिसले. बोटं उघडी होती. दहाच्या दहा, सरळ, पसरलेली. ताईने सोडलं होतं. आणि काहीही झालं नव्हतं, ती फिरतच होती.

"सुटले गं माझे! शेवंती, सुटले!" ताई किंचाळली.

"माहीत आहे," शेवंती म्हणाली.

मी मोजत राहिलो. एकवीस, बावीस. ताईची बोटं तशीच उघडी होती आणि ती आता हसत होती की रडत होती, ते त्या वेगात कळत नव्हतं. एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस. याच्या पुढे मला बागेत कधी मोजावं लागलं नव्हतं. मी बेचाळीस म्हटलं.